बेरडांचं कुत्रं, मुधोळचं नाव

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथल्या चेल्लेश्वराच्या देवळापुढे एक कोरीव शिळा होती. आता ती बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तिच्यावरचा लेख जुन्या कन्नडमधला, इ.स. ९४९-५० चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांची तक्कोलम इथे लढाई झाली. तीत कृष्णाचा मेहुणा, गंग राजा दुसरा बूतुग याने चोळ युवराज राजादित्याला हत्तीवरच ठार केलं. बूतुगाच्या बाजूने मणलेर नावाचा सरदार जिवावर उदार होऊन लढला होता. काय हवं ते माग, असं राजाने म्हटल्यावर मणलेराने गाव मागितलं नाही की सोनंनाणं मागितलं नाही. त्याने राजाचं 'काळी' नावाचं कुत्रं मागून घेतलं.

पुढे एका टेकडीवर हे कुत्रं भल्यामोठ्या रानडुकरावर सोडलं गेलं आणि झुंजीत दोघंही मेली. मणलेराने देवळापुढे काळीची शिळा उभारली आणि तिच्या पूजेअर्चेसाठी जमीन लावून दिली. ती जमीन खाणाऱ्या गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, आधी शिळेची पूजा करायची आणि मगच जेवायचं. पूजा न करता जेवला तर त्याला पाप लागेल, असंही लेखात बजावलेलं आहे. शिळेच्या माथ्यावर कुत्रं आणि डुक्कर एकमेकांना भिडलेली दिसतात. जॉन फेथफुल फ्लीट यांनी हा लेख 'एपिग्राफिया इंडिका'त छापला तेव्हापासून तो वाचला जातो तो मुख्यतः तक्कोलमच्या लढाईचा पुरावा म्हणून. आपल्या कथेच्या दृष्टीने त्यातलं कुत्रं अधिक मोलाचं आहे. दख्खनच्या पठारावर हजार वर्षांपूर्वी जातिवंत शिकारी कुत्री होती, त्यांना नावं होती, त्यांची ख्याती होती, आणि लढाईतल्या पराक्रमाचं बक्षीस म्हणून मागावं इतकी त्यांची किंमत होती, हे ती शिळा सांगते.

ज्याला आपण कारवानी म्हणतो आणि सरकारदरबारी ज्याचं नाव 'मुधोळ हाऊंड' आहे, त्या कुत्र्याचा इतिहास सहसा दोन वाक्यांत उरकला जातो. अरब-इराणी व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर ही कुत्री आली, आणि मुधोळच्या राजाने त्यांची जात जोपासली. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. पण कारवान आणि राजवाडा यांच्यामधली जी चार-पाचशे वर्षं आहेत, ती या कथेतून गळून गेली आहेत, आणि ही जात नेमकी त्याच वर्षांत घडली. ती घडवणारी माणसं बेरड होती, धनगर होती, पारध करून पोट भरणारी होती. त्यांनी वंशावळी लिहून ठेवल्या नाहीत, म्हणून त्यांचं श्रेय दुसऱ्यांच्या नावावर चढलं.

आधी मुलूख पाहू. सह्याद्री उतरून पूर्वेला आलं की पाऊस एकाएकी कमी होतो. सातारा-सांगलीचा पूर्व भाग, सोलापूर, विजापूर, बागलकोट, कलबुर्गी हा सगळा पर्जन्यछायेचा टापू. मैलोगणती पसरलेले माळ, मध्येच काळ्या जमिनीचे पट्टे, खुरटी बाभूळ आणि बोरी. झाडी दाट नसल्यामुळे नजर लांबवर जाते. या रानात राहणारे प्राणीही तसेच: काळवीट, चिंकारा, ससा, खोकड, लांडगा. लपण्यापेक्षा पळण्यावर त्यांची भिस्त. घनदाट जंगलात शिकारी कुत्र्याला वासाचा माग काढावा लागतो, भुंकून मालकाला दिशा द्यावी लागते. माळावर या गुणांचा फारसा उपयोग नाही. इथे सावज नजरेने हेरायचं आणि आवाज न करता ते पळून गाठायचं. असं काम करणाऱ्या कुत्र्याला खोल छाती, लांब पाय, हलकं अंग आणि तीक्ष्ण नजर लागते. अंगावर फार केस असून चालत नाही, कारण चैत्र-वैशाखातलं ऊन त्याला मारून टाकेल.

पठारावरच्या राजांना कुत्र्यांचा शौक आतकूरनंतरही होताच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजाने मनोरंजन कसं करावं हे सांगणारे वीस विनोद त्यात आहेत आणि त्यांतला एक, सारमेयविनोद, सर्वस्वी कुत्र्यांना वाहिलेला आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरगा-निलंग्याला लागून. तेव्हा बाहेरचं रक्त या पठारावर आलं ते मोकळ्या जागेत आलं नाही. इथे कुत्री होती, शिकारी होते आणि शिकारीचं शास्त्रही होतं.

ते बाहेरचं रक्त आलं घोड्यांच्या वाटेने. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला बहमनी राज्य उभं राहिलं आणि दक्षिणेकडच्या विजयनगरशी त्याचं हाडवैर सुरू झालं. दोन्हीकडच्या सैन्याला चांगले घोडे हवे होते आणि दख्खनमध्ये तशी पैदास नव्हती. मग अरबस्तान आणि इराणच्या बंदरांतून गलबतं भरून घोडे येऊ लागले. चौल, दाभोळ, गोवा, भटकळ इथे ते उतरत आणि घाट चढून बीदर, विजापूर, विजयनगरकडे जात. या व्यापाराचं जिवंत चित्र अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. १४६९ च्या सुमारास तो एक घोडा विकायला चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या सुभेदार असदखानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, वर मोहराही देतो, असं सांगितलं. एका खुरासानी व्यापाऱ्याने मध्ये पडून घोडा सोडवून दिला आणि निकितीनने तो शेवटी बीदरला विकला. एक घोडा विकायला माणूस समुद्र ओलांडून बीदरपर्यंत येत होता, इतका तो धंदा किफायतीचा होता.

घोड्यांच्या मागोमाग माणसंही आली. बहमनी राज्याचा थोर वजीर महमूद गवान हा मूळचा इराणातल्या गिलानचा व्यापारी. तोही १४५३ मध्ये दाभोळलाच उतरला होता. पुढे विजापूरच्या आदिलशाहीत असे परदेशी सरदार शेकड्यांनी होते, आणि इराणी-तुर्की सरदाराच्या इतमामात बहिरी ससाणा आणि ताजी कुत्रा असायचाच. सालुकी, ताजी ही पश्चिम आणि मध्य आशियातली नजरेने शिकार करणारी कुत्री. उंच, सडपातळ, लांबट तोंडाची. उत्तरेतही हाच शौक होता. अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त नोंदवलं आहे, की अकबर देशोदेशीची कुत्री मागवत असे, काबूलकडची, विशेषतः हजारा प्रांतातली कुत्री सर्वांत उत्तम समजली जात, आणि ती वाघावरही चालून जात. पण उत्तरेचं आणि दख्खनचं पुढे जे झालं त्यात फरक आहे. उत्तरेत ही कुत्री अमीर-उमरावांकडेच राहिली. दख्खनमध्ये ती सरदारांच्या डेऱ्यांतून आणि व्यापाऱ्यांच्या तळांवरून गावात उतरली.

कशी उतरली याचा कागद असणार नाही. कुत्र्याच्या पिल्लाची सनद कोण करतो? पण रीत कळण्यासारखी आहे. कारवान महिनोन्‌महिने वाटेवर असे. मुक्कामात कुत्री व्यायची. सगळी पिल्लं पुढे नेणं शक्य नव्हतं, ती तळाजवळच्या वस्त्यांत राहायची. सरदारांच्या शिकारीत हाका घालायला, जनावर उठवायला आसपासचे बेरड आणि पारधी बोलावले जायचे. इनाम म्हणून एखादं पिल्लू मिळणंही साधी गोष्ट होती. दख्खनी घोड्याची कथाही याच वळणाची आहे. भीमेच्या खोऱ्यात अरबी घोड्यांचं रक्त इथल्या तट्टांत मिसळलं आणि त्यातून भीमथडीचं ते काटक तट्टू तयार झालं, ज्याच्यावर बसून मराठ्यांनी हिंदुस्थान पालथा घातला. घोड्याचा तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. कुत्र्याचा तसाच इतिहास सांगायचा राहून गेला.

बेरड कोण, हेही इथे सांगायला हवं. कन्नडमध्ये बेड, म्हणजे शिकारी. रायचूर-कलबुर्गीपासून बेळगाव-विजापूरपर्यंत पसरलेली ही लढवय्यी जमात. सुरपूरला त्यांचं स्वतःचं राज्य होतं. औरंगजेबाने आयुष्यात शेवटचा वेढा घातला तो १७०५ मध्ये वागिनगेऱ्याला, बेरडांचा नायक पिड्या याच्याविरुद्ध, आणि तिथे बेरडांच्या मदतीला मराठे धावून गेले होते. शांततेच्या काळात या माणसांचा आधार म्हणजे थोडी शेती, गावची राखण आणि पारध.

अशा माणसाच्या हाती आलेलं परदेशी कुत्रं टिकायचं असेल तर त्याला अनेक परीक्षांतून जावं लागे. पहिली परीक्षा अन्नाची. सरदाराकडे मांस-दूध मिळायचं, इथे ज्वारीची भाकरी, जमलं तर ताक, आणि शिकार झाली तर तिच्यातला वाटा. एवढ्यावर ज्याचं अंग धरेना ते मागे पडलं. दुसरी उन्हाची, लांब केसांच्या कुत्र्यांना ती जड गेली. रेशमी झालरीच्या कानांची, शेपटीवर केसांचा तुरा असलेली पश्मी कुत्री आजही दख्खनमध्ये आढळतात, पण आखूड, गुळगुळीत केसांची कारवानी संख्येने किती तरी जास्त आहेत. तिसरी परीक्षा जमिनीची. काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि माळावर धारदार गोटे असतात. नाजूक पायाचं कुत्रं पहिल्याच हंगामात लंगडं व्हायचं. लंगड्या कुत्र्याला कुणी पुढे जोडी लावत नसे. याला आजच्या भाषेत निवड म्हणतात. बेरडाच्या लेखी तो फक्त व्यवहार होता: जे कुत्रं घराला ससा आणून देतं त्याचं पिल्लू ठेवायचं.

शिकारीची तऱ्हा अशी. सुगी आटोपून रान मोकळं झालं की पहाटेच माणसं निघायची. एकमेकांत अंतर ठेवून माळावर आडवी रांग धरायची आणि हळूहळू पुढे सरकायचं. कुत्रं मोकळं नसे, गळ्याला साखळीही नसे. मानेभोवतून दोरी दुहेरी घेऊन तिची दोन्ही टोकं मुठीत धरलेली. झुडपातून ससा उसळला की लगेच सोडायचं नाही. त्याला थोडं अंतर द्यायचं, कुत्र्याच्या नजरेत तो नीट भरू द्यायचा, आणि मग एक टोक सोडून द्यायचं. दोरी सरकन गळ्यातून निघते आणि कुत्रं सुटतं. त्याची धाव घोड्याच्या धावेहून निराळी असते. एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून उचललेले असतात: एकदा अंग पुढे-मागे ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. लांब, लवचीक पाठीचा कणा प्रत्येक झेपेला वाकतो आणि उलगडतो. म्हणून या कुत्र्याची पाठ लांब आणि पोट आत ओढलेलं असतं. तिथे मेद साठलेला चालत नाही.

ससा सरळ पळत नाही. कुत्रं अंगावर आलंसं वाटलं की तो एकदम काटकोनात वळतो आणि वेगात असलेलं कुत्रं पुढे निघून जातं. म्हणून जाणते शिकारी जोडी सोडायचे. एक कुत्रं सशाच्या मागे, दुसरं थोडं बाजूने. पहिल्याने हुलकावणी खाल्ली की ससा दुसऱ्याच्या वाटेत यायचा. ही समज शिकवता येते तेवढीच उपजतही असावी लागते, आणि ज्या कुत्र्यात ती दिसे त्याचं नाव पंचक्रोशीत होई. सरळ रेषेत नुसतं वेगात धावणारं कुत्रं या शिकाऱ्यांच्या उपयोगाचं नव्हतं. त्यांना दम हवा होता, वळण हवं होतं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा सोडलं तरी धावेल असं काळीज हवं होतं.

या शेकडो वर्षांच्या निवडीतून जे कुत्रं उभं राहिलं त्याचं वर्णन आज केनेल क्लबच्या मानकांत मिळतं. नर खांद्यापाशी ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादी ६४ ते ६८. डोकं लांब आणि अरुंद, जबडा लांब पण ताकदीचा, कान गालालगत पडलेले, डोळे मोठे आणि बदामी, मान लांब आणि घट्ट. रंगाचं फारसं बंधन नाही; वाळूसारखा पिवळसर, करडा, तपकिरी, काळा, पांढरा, सगळे चालतात, कारण बेरडाने रंग बघून पिल्लू ठेवलंच नव्हतं. स्वभावाबद्दल पाळणारी माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. हे कुत्रं परक्याला अंगाला हात लावू देत नाही. ते गळ्यात पडत नाही, लाडीगोडी करत नाही. मालकाशी मात्र त्याचं नातं फार घट्ट असतं. सतत साखळीला बांधून ठेवलं तर ते झुरतं किंवा बिथरतं. अंगात चरबी इतकी कमी, की पशुवैद्याला भूल देताना या बांध्याच्या सगळ्याच कुत्र्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते.

धनगरांकडे कुत्र्याला आणखी एक मान होता. त्यांचा देव खंडोबा घोड्यावर बसतो आणि त्याच्या घोड्याबरोबर कुत्रं असतंच. कर्नाटकात हाच देव मैलार म्हणून पुजला जातो, आणि मैलाराच्या भक्तांना गोरवच म्हणतात. खंडोबाच्या जेजुरीला किंवा पालीला येणारा माणूस कुत्र्याला देवाचा सोबती मानून घरी परततो. ज्या समाजात कुत्र्याला हीन लेखण्याची रीत होती, त्याच समाजात मेंढपाळ आणि शिकारी मात्र त्याला देव्हाऱ्यात बसवत होते. जात टिकण्यामागे अशीही कारणं असतात.

मराठी राजांत कुत्र्याचा सर्वांत मोठा चाहता म्हणजे साताऱ्याचे शाहू छत्रपती. त्यांच्या 'खंड्या'ने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा तर दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी हकिकत ग्रँट डफने आपल्या इतिहासात दिली आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, खंड्याची समाधी आहे. खंड्या कोणत्या जातीचा होता याबद्दल पुष्कळ दावे केले जातात. त्या वादात न शिरता एवढं म्हणता येईल, की आतकूरच्या मणलेराला शाहू महाराजांचं वागणं अजिबात नवल वाटलं नसतं.

आता मुधोळ. घटप्रभेच्या काठचं हे गाव कन्नड महाकवी रन्नाची जन्मभूमी म्हणून कर्नाटकाला ठाऊक आहे. मराठी वाचकाला ते आठवतं ते घोरपड्यांमुळे. आदिलशाहीतले हे मातबर सरदार. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात बाजी घोरपडे होते आणि शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मुधोळवर चालून जाऊन त्यांना ठार मारलं. घराणं मात्र टिकलं आणि इंग्रजी अमलात दख्खनच्या लहान संस्थानांपैकी एक म्हणून उरलं.

या संस्थानच्या हद्दीत हलगली हे बेरडांचं गाव. १८५७ च्या धामधुमीत कंपनी सरकारने हत्यारबंदीचा कायदा लावला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला मनाई केली. शिकारीवर जगणाऱ्यांनी हत्यारं खाली ठेवायची म्हणजे खायचं काय? हलगलीकरांनी नकार दिला. नोव्हेंबरअखेर फौजेने गाव वेढून जाळलं आणि डिसेंबरात पकडलेल्यांपैकी कित्येकांना मुधोळच्या बाजारात आणि हलगलीत फासावर चढवलं. तिकडच्या लावणीकारांनी हा प्रसंग कन्नड लावण्यांतून जागता ठेवला. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. भाला-बंदूक गेली, रानात मोकळं फिरणंही गेलं. ज्याला परवाना लागत नाही असं एकच शिकारीचं साधन उरलं, ते म्हणजे कुत्रं. कारवानीची जात एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या खेड्यांत टिकून राहिली त्यामागे मला हे एक मोठं कारण दिसतं.

त्याच काळात संस्थानिक भलत्याच नादात होते. इंग्लंडात १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला होता, कुत्र्याच्या जातीला नोंदवही आणि वंशावळ आली होती. इथले साहेब विलायती हाऊंड बोटीने मागवून उटकमंडला कोल्ह्यांची शिकार खेळत. राजेरजवाडे त्यांचं अनुकरण करत होते. रामपूरच्या नवाबांनी ताजी आणि इंग्लिश ग्रेहाऊंड यांचा ठरवून संकर केला आणि रामपूर हाऊंड तयार झाला. देशी म्हणून जे काही होतं ते सगळं साहेबाच्या भाषेत 'पॅराया', गल्लीतलं बेवारशी कुत्रं.

या वातावरणात १९०० साली मुधोळच्या गादीवर मालोजीराव घोरपडे आले. पावणेचारशे चौरस मैलांपेक्षाही लहान संस्थान. आपल्या मुलखातले बेरड काही विशिष्ट कुत्री घेऊन ससे मारतात आणि ती कुत्री गावच्या इतर कुत्र्यांहून वेगळी आहेत, हे त्यांच्या नजरेत भरलं असं सांगतात. त्यांनी निवडक कुत्री राजवाड्यात आणली, जोड्या जुळवून पैदास करवली आणि पिल्लं पुन्हा गावकऱ्यांकडे वाढवायला दिली. इतर संस्थानिक इंग्लंडकडे तोंड करून बसले असताना या माणसाने आपल्या रानात पाहिलं, ही त्यांची थोरवी मान्य केलीच पाहिजे. पिल्लं गावात परत देण्याचा त्यांचा निर्णय तर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जात फक्त राजवाड्यात राहिली असती तर संस्थानाबरोबर संपली असती.

मालोजीरावांनी इंग्लंडच्या भेटीत पंचम जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची एक जोडी नजर केली आणि तेव्हापासून 'हाऊंड्स ऑफ मुधोळ' हे नाव रूढ झालं. तिथली हवाही अनुकूल होती. फ्लोरेन्स ॲमहर्स्ट या बाईंनी १८९५ पासून इंग्लंडात सालुकी आणून वाढवल्या होत्या आणि १९२३ मध्ये केनेल क्लबने त्या जातीला मान्यता दिली. पूर्वेकडच्या सडपातळ कुत्र्यांचं तिथल्या उच्चभ्रू वर्तुळात कौतुक चाललेलं. बादशहाने नाव घेतल्यावर देशातही प्रतिष्ठा मिळाली. पण नाव मिळालं ते संस्थानाचं. ज्यांनी हे कुत्रं भाकरीवर वाढवलं, ते सरकारी वहीत गुन्हेगार जमातींच्या शेजारपाजारीच राहिले.

मालोजीराव १९३७ मध्ये वारले. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, १९५६ मध्ये मुधोळ विजापूर जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेलं. राजाश्रय आटला तरी कुत्र्याचं फारसं बिघडलं नाही, कारण त्याचा खरा आश्रय दुसरीकडे होता. सोलापूर, सांगली, सातारा, लातूर, विजापूरच्या खेड्यांत ते ससे मारत होतं, मेंढवाडे राखत होतं. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ तर या कुत्र्यांसाठीच नावाजलेलं. शहरातल्या शिकल्या-सवरल्या श्वानप्रेमींनी मात्र अल्सेशियन आणि पॉमेरेनियन घरी आणले. वा. वि. सोमण यांनी १९६३ मध्ये भारतीय कुत्र्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. देशी जातींकडे अभ्यासू नजरेने पाहणाऱ्या पहिल्या काही ग्रंथांत त्याची गणना होते.

खरा घाव बसला तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. कायदा आवश्यकच होता; काळवीट, माळढोक यांची काय अवस्था झाली होती हे ज्यांना माहीत आहे ते त्याबद्दल दुमत बाळगणार नाहीत. पण त्यामुळे कारवानीचं काम संपलं. काम होतं तोवर निवड रान करत होतं. काम थांबल्यावर निवड माणसाच्या आवडीवर आली. पश्चिम महाराष्ट्रात कुत्र्यांच्या शर्यतींचा नाद वाढला आणि थोड्या अंतरात सरळ रेषेत पहिला यावा म्हणून कारवानीत ग्रेहाऊंडचं रक्त मिसळू लागलं. असा संकर शे-दोनशे मीटरला पुढे जातो, पण दख्खनच्या उन्हात त्याचा दम लवकर तुटतो, पाय नाजूक निघतात आणि खाणं वाढतं. दुसरीकडे प्रदर्शनांत उंची आणि तोंडाची लांबी मोजून बक्षिसं दिली जातात. कारवानीचा बांधा घडला तो वळणं घेणाऱ्या सशामागे. ते वळण आता कुठेच मोजलं जात नाही.

जात नोंदवणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत हे कुत्रं 'कॅरावान हाऊंड' आहे, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाऊंड'. सरकारने पसंत केलं दुसरं नाव. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने श्वान संशोधन आणि माहिती केंद्र उभारलं. तिथली पिल्लं मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात शिक्षणासाठी गेली. लष्कराने घेतलेली ही पहिली भारतीय जात. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख केला आणि पिल्लांची मागणी एकदम वाढली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही आता मुधोळला राजापालयम आणि चिप्पीपारई यांच्याबरोबर अधिकृत देशी जात म्हणून नोंदवून घेतलं आहे.

लष्करात या कुत्र्याची अडचणही दिसून आली आणि ती अडचण इतिहासातूनच आलेली आहे. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड हुकूम झेलतो, सांभाळणारा बदलला तरी काम करतो. कारवानी एका माणसाशी बांधलेलं, स्वतःच्या नजरेवर विसंबणारं आणि सुटल्यावर स्वतः निर्णय घेणारं कुत्रं. शेकडो पिढ्यांत त्याला याच गोष्टीसाठी निवडलं गेलं. वासावरून स्फोटकं हुडकण्यात त्याला लॅब्रेडॉरशी तोलणं म्हणजे त्याच्याकडून भलतीच अपेक्षा करणं आहे. गस्त, पहारा, मोकळ्या माळावरचा पाठलाग यांत त्याला तोड सापडणं कठीण.

आज मुधोळ आणि आसपासच्या गावांत शेकडो कुटुंबं पिल्लं विकून चार पैसे मिळवतात. त्यांत लहान शेतकरी आहेत, भूमिहीन आहेत, बेरडही आहेत. तिम्मापूरच्या केंद्राला शुद्ध पैदाशीसाठी मूळ जनावरं याच लोकांकडून घ्यावी लागली. सांगली-सोलापूरकडच्या धनगरवाड्यांत अजून अशी कारवानी आढळतात, ज्यांची नोंद कुठल्याही क्लबात नाही आणि ज्यांच्यात ग्रेहाऊंडचं रक्तही नाही. या कुत्र्यांची मोजदाद, त्यांच्या रक्ताचे नमुने आणि त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जोपासणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती हे काम महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने तातडीने हाती घ्यावं. शर्यतीसाठी ग्रेहाऊंडचं रक्त मिसळण्याची चाल वाडीवस्तीपर्यंत पोचली आहे, आणि कोणत्या घरचं कुत्रं कोणत्या वाणाचं हे तोंडपाठ सांगू शकणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.